खाली हीव पडत नाही

कोल्यापाता
६ फेब्रुवारी १९७९

फोर्तुनाता ताई,

हे पत्र वाचशील तेव्हा ते आणणारी बाई तुझ्या दारात उभी असेल. दचकू नकोस. आईला तुझ्याकडे पाठवतोय. माझा मेहुणा, बासिलियाचा भाऊ, सोबत आहे, तो तिला थेट तुझ्या वसाहतीत पोचवून परत फिरेल.

यंदाचा पाऊस तिच्या छातीत जाऊन बसलाय. रात्रभर खोकते, चढावर चार पावलं टाकली की खाली बसते. तुमच्याकडे खाली जंगलात ऊब आहे. दोन महिने ऊन खाऊ दे, मग बघू. तिला मी सांगितलंय की नातीला बघायला चाललीस, त्यामुळे खुशीत आहे. पाच घागरे एकावर एक घालून निघालीय. तीन तरी गाठोड्यात बांध म्हटलं, तर म्हणाली, "थंडी काय विचारून येते?"

तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की आहे, की सान हुआनच्या सणाआधी परत यायचं. जूनमध्ये थंडी येऊन रात्रीचं हीव पडायला लागलं की बटाटे पसरायचे, गोठले की तुडवून, वाळवून त्यांचा चुन्यो करायचा, आणि हिच्याशिवाय कोणाचे पाय त्या कामाचे नाहीत असं तिचं म्हणणं. वर्षाचा चुन्यो तिच्या पायाखालून गेला नाही तर तो तिला चुन्यो वाटतच नाही. मी हो म्हणून ठेवलंय. तूही हो म्हण. वाद घालू नकोस.

एलेउतेरिओ भाऊजींना नमस्कार.

निकानोर

---

वसाहत क्रमांक बावीस
३ मार्च १९७९

निकानोर,

बाई पोचली. आधी विचारायची पद्धत तुमच्या गावातून उठली वाटतं.

ऊन खाऊ दे म्हणतोस. इथे ऊन आपल्याला खातं, बाबा! पावसाळा अजून सरलेला नाही, सकाळी आठ वाजता भांड्यांना घाम फुटतो, आणि तुझी आई पाच घागरे, लोकरीची शाल आणि डोक्यावर हॅट घालून अंगणात बसते. शाल काढ म्हटलं की म्हणते, घाम येतोय म्हणजे आतली थंडी बाहेर पडतेय, पडू दे. मानेपासून कमरेपर्यंत घामोळं उठलंय. रात्री खाजवते आणि मला शिव्या देते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. देल्फिना चार महिन्यांची आहे. आईने पहिल्याच दिवशी तिला लोकरीच्या पट्ट्यात गळ्यापासून टाचांपर्यंत आवळून टाकलं. हाडं सरळ राहतात म्हणे. पोर उकडलेल्या बिटासारखी लाल झाली. मी सोडते, ती बांधते. मी नदीवर धुणं घेऊन गेले की पुन्हा बांधते. पोरीला वाटत असेल, घरात दोन वेड्या बायका आहेत.

आणि भिंतीची गोष्ट ऐक. आमच्या स्वयंपाकघराला भिंती नाहीत, नुसतं ताडाच्या पानांचं छप्पर. इथे सगळ्यांचंच तसं आहे, वारा खेळायला हवा ना. आईला ते बघवेना. "ही काय गुरं बांधायची जागा आहे?" तीन दिवस खपून तिने दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून चिखलाची भिंत घातली, आपल्याकडे घालतात तशी, थेट छपरापर्यंत. चूल पेटवली की आत भट्टी. एलेउतेरिओ जेवण घेऊन झाडाखाली जायला लागला. पाचव्या दिवशी असा पाऊस आला, की भिंत विरघळून भाताच्या पातेल्यात आली. एलेउतेरिओ हसला. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाही.

शेजारीण एन्कार्नासिओन इथलीच, जन्मापासून उकाड्यात वाढलेली. ती परवा कुंपणावरून ओरडली, "अहो आजी, डोंगर उतरलात, आता शालही उतरवा!" आई म्हणाली, "आधी तू अंगभर नेस, मग मी उतरवते." तेव्हापासून मला दोन्ही बाजूंना गोड बोलत फिरावं लागतं.

मला इथे येऊन पाच वर्षं झाली. पहिलं वर्ष मी रोज रडले, ते कोणाला कळवलं नाही. पण मी तिशीत आले होते, ही सत्तरीत आलीय. एप्रिल उजाडला की येऊन घेऊन जा.

फोर्तुनाता

---

कोल्यापाता
२४ मार्च १९७९

ताई,

यंदा गावकीची काठी, म्हणजे सगळा कारभार, माझ्या हातात आहे, हे तू विसरलीस. वर्षभर मी एक रात्रही गावाबाहेर झोपू शकत नाही. गारा पडल्या तर मी काय करत होतो, हीव अवेळी आलं तर मी कुठे होतो, सगळा दोष काठीवाल्याचा. गेल्या महिन्यात खालच्या शेतांवर गारा आल्या. आम्ही टेकडीवर पत्र्याचे डबे बडवले, धूर केला, फटाके उडवले, तरी क्रिस्पिनचं किन्व्याचं पीक गेलंच. आता तो रोज माझ्या अंगणात येऊन बसतो. काही बोलत नाही, नुसता कोका चघळत माझ्याकडे बघत बसतो. मी काय आभाळाला झाकण लावू?

तेव्हा एप्रिलमध्ये येणं जमणार नाही. बासिलियाही मेंढ्या टाकून येऊ शकत नाही. आईला दुपारी नदीत बसव, बरं वाटेल. घामोळ्यावर काहीतरी पाला असेलच तुमच्याकडे, जंगलच आहे ते.

खोकला कसा आहे ते तू लिहिलंच नाहीस. ओठांचा रंग कसा आहे? ते नक्की कळव.

निकानोर

---

वसाहत क्रमांक बावीस
१६ एप्रिल १९७९

निकानोर,

नदीत बसव म्हणे! तिने नदी बघितली आणि म्हणाली, "हे पाणी गरम आहे, आजारी आहे." काठावरून परत आली.

खोकला नाही. ओठांचा रंग बघायला तू ये. मला तिच्या ओठांतून दिवसभर काय बाहेर पडतं तेवढंच ऐकू येतं. पहाटे उठते, दाराशी जाते, गवतावर हात फिरवते आणि विचारते, "वर हीव पडायला लागलं असेल का?" आई, एप्रिल आहे. "बटाटे काढले असतील का?" काढत असतील. "मग मी इथे काय करतेय?" इथे तिला कामच नाही. युकाचा कंद सोलायला घेतला तर बोट कापून घेतलं. कोंबड्यांना ती मूर्ख म्हणते. लामा नाहीत, मेंढ्या नाहीत, सूत कातायला बसली तर घामाने लोकर बोटांना चिकटते.

आता स्पष्टच लिहिते. दोन महिन्यांची बोली होती. तू आधी पाऊस सांगितलास, आता काठी सांगतोस, उद्या आणखी काही सांगशील. वडील गेले तेव्हाही तू सैन्यात निघून गेलास आणि सगळं माझ्यावर टाकलंस. आईच्या वाट्याचं शेत यंदा तूच पेरलंस ना? ती घरी नसलेली तुला सोयीची आहे, असं माझ्या मनात येतं, आणि एकदा आलं की जात नाही.

पंधरा मेला इथून तांदळाचा ट्रक निघतो. त्यात मी तिला बसवणार आहे. पुढचं तू बघ.

फोर्तुनाता

---

कोल्यापाता
२८ एप्रिल १९७९

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच.

तिला ट्रकमध्ये बसवू नकोस. मी तुझ्याशी खोटं बोललो. जानेवारीत मी तिला ओरुरोला डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने तिच्या दंडातून रक्त काढलं, ते गुळाच्या पाकासारखं जाड, काळपट निघालं. तो म्हणाला, एवढ्या उंचीवर राहून राहून काहींचं रक्त असं होतं, मग हृदयाला ते ढकलता येत नाही, ते सुजतं. औषध एकच, खाली उतरायचं आणि खालीच राहायचं. मी विचारलं, थंडी संपेपर्यंत थांबलं तर? तो म्हणाला, येता हिवाळा वर काढला तर सप्टेंबर बघेल असं मी लिहून देणार नाही.

आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. तिला मी सांगितलं, खोकला आहे, ऊब लागेल. खरं सांगितलं असतं तर ती त्या बाकावरून उठून थेट घरी आली असती आणि मग कोणाच्या बापाने तिला हलवलं नसतं. तुला खरं लिहिलं नाही, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही. रागावू नकोस, राहत नाही हे तुलाही माहीत आहे.

तिचं शेत मी पेरलं, ते पडीक ठेवलं तर गाव दुसऱ्याला देईल म्हणून. तिच्या वाटणीचे बटाटे तीन पोती झाले. तिन्ही याच ट्रकने पाठवतोय. वर मागे काही ठेवलं नाही, म्हणजे परत येण्याचं कारणही राहणार नाही.

तिला तिथेच ठेव. काहीही सांग, पण ठेव.

निकानोर

---

वसाहत क्रमांक बावीस
१८ मे १९७९

निकानोर,

ट्रक गेला. आई त्यात नव्हती.

मला तुझ्या नरडीवर बसावंसं वाटतंय आणि तुझ्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतंय. तीन महिने मी तिला जा म्हणत होते रे! हाताला धरून हाकलायचीच बाकी ठेवली होती. मला तुरुंगाची किल्ली दिलीस आणि तुरुंग आहे हे सांगितलं नाहीस.

आता ओठांचं सांगते. जांभळे राहिलेले नाहीत. नदीपर्यंत जाते, मध्ये बसत नाही. परवा एन्कार्नासिओनच्या कोंबडीमागे दगड घेऊन पळाली. हे सगळं तिला दिसतं, पण कबूल करायचं नाही. "इथली जमीन सपाट आहे, त्यात माझं काय कौतुक?"

तुझं पत्र ती वाचून दाखवायला लावते, हे तुला माहीत आहे. मग मी कागद समोर धरून तू न लिहिलेलं पत्र वाचलं. त्यात तू म्हणतोस की नदीला पूर आला, मोठा पूल वाहून गेला, वर जाणारे ट्रक बंद आहेत, दुरुस्तीला चार-पाच महिने लागतील. तेव्हा लक्षात ठेव, पूल गेलाय. कोणी विचारलं तर तोंडावर पाडू नकोस.

ती ऐकत राहिली. मग बटाट्याची पोती उघडली, एकेक बटाटा हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "आणि हे कुठल्या पुलावरून आले?" पूल नंतर गेला म्हटलं. तिने तो बटाटा परत पोत्यात ठेवला. मला घाम फुटला, आणि तो उकाड्याचा नव्हता.

बटाट्यांना आठच दिवसांत कोंब फुटायला लागलेत. ती रोज बसून खुडते.

फोर्तुनाता

---

वसाहत क्रमांक बावीस
२७ जून १९७९

निकानोर,

तू बरोबर होतास. माझ्या पोटात काही राहत नाही.

वीस तारखेला दक्षिणेचा वारा सुटला. इथले लोक त्याला सुरासो म्हणतात आणि त्याचं नाव काढलं तरी कुडकुडतात. सकाळी पाठ भाजत होती आणि संध्याकाळी तोंडातून वाफ निघायला लागली. एन्कार्नासिओन घरातल्या सगळ्या चादरी अंगावर घेऊन झोपायच्या झोळीत शिरली ती चार दिवस बाहेर आलीच नाही. मीही, सांगायला लाज वाटते, चुलीपाशीच बसून होते. पाच वर्षांत मला थंडी सोसेनाशी झालीय.

आणि आई? आई उमलली रे. शाल काढून फेकली. अनवाणी अंगणात उभी राहून वाऱ्याकडे तोंड करून हसली. मी तिला फेब्रुवारीपासून हसताना बघितलं नव्हतं. कुंपणापाशी जाऊन झोळीकडे बघून ओरडली, "काय गं, आता कोण उतरवतंय शाल?" एलेउतेरिओशीही बोलली. "जावईबापू, जरा पोती उचलून बाहेर आणा."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मीही त्याच मातीतली ना. वारा दक्षिणेचा, महिना जूनचा, सान हुआनची रात्र तोंडावर आलेली, मलाही क्षणभर वाटलं, पडेल हीव! तेवीस तारखेला आम्ही दोघींनी गवत पसरून त्यावर तिन्ही पोती मांडली. बटाट्याला बटाटा लागू द्यायचा नाही म्हणून ती रांगत रांगत एकेक सरकवत होती. वर पाणी शिंपडलं. निदान अर्धा ढीग मी वाचवून ठेवायला हवा होता, तेही सुचलं नाही.

हीव पडलं नाही. झिमझिम पाऊस पडला, तीन दिवस. थंड, बारीक, न थांबणारा. आई म्हणाली, आज रात्री आभाळ उघडेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मी झाकूया म्हटलं तर झाकू देईना. काल वारा उलटला, ऊन आलं आणि दुपारपर्यंत अंगणातून असा वास सुटला, की कुत्रंही लांब गेलं. हात लावला की बटाटा बोटातून ओघळतो. बाया कुंपणाशी येऊन नाक दाबून बघत होत्या. आई मध्येच बसून निवडत होती. हा बरा आहे, हा बरा आहे. एकही बरा नव्हता.

मला ते बघवलं नाही. म्हणून ओरडले. "आई, सोड ते! इथे हीव पडत नाही! कधीच पडत नाही, कधी पडणारही नाही!"

ती म्हणाली, "मग मला वर पाठव."

"पूल—"

"पुलावरून रोज ट्रक येतात. मेमध्येच ड्रायव्हरला विचारलं मी. तुम्ही भावंडं लहानपणापासून एकमेकांच्या चहाड्या करत आलात. दोघं मिळून खोटं बोलताय म्हणजे काहीतरी मोठं असणार, म्हणून मी गप्प बसले. आता सांग."

मी सांगितलं. रक्त, हृदय, डॉक्टर, सगळं. ती हात पुसत ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "सप्टेंबर म्हणाला?" मी हो म्हटलं. तिने कुदळ मागितली आणि खड्डा करून सगळे बटाटे पुरले. रात्री भात खाल्ला, दोनदा मागून घेतला. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं कळलं, आता राहील.

२९ जून

पत्र टाकायचं राहिलं होतं. निकानोर, आई गेली. पहाटे तांदळाच्या ट्रकमध्ये बसून गेली. ड्रायव्हरला म्हणाली, मुलीला माहीत आहे. एलेउतेरिओ सांता क्रूझपर्यंत मागे गेला, पण वर कोचाबाम्बाला जाणारा ट्रक सुटला होता. आता तिच्या आधी हे पत्र पोचावं एवढंच हातात आहे, आणि तेही हातात नाही.

मी सांगायला नको होतं. पण तूच सांग, किती दिवस तिला त्या अंगणात हिवाची वाट बघत ठेवायचं होतं?

फोर्तुनाता

---

कोल्यापाता
१० जुलै १९७९

ताई,

शोधू नकोस. आई इथे आहे. तुझं पत्र काल आलं, ती पाच तारखेलाच आली.

आधी माझं ऐक, मला कोणाला तरी सांगायचंय. जूनच्या शेवटी गाव टेकडीवर गेला, हीव मागायला. यंदा थंडी ओढ देत होती, लोकांचे बटाटे अंगणात नुसते पडून. काठी माझ्या हातात, तेव्हा मागायचंही मीच. मी मागितलं, ताई, अगदी मनापासून. कारण आई खाली आहे, सुरक्षित आहे असं मी धरून चाललो होतो. कधी नव्हे ते गाऱ्हाणं आभाळाने ऐकलं. दोन तारखेपासून असं हीव पडतंय, की सकाळी बादलीतलं पाणी दगडाने फोडावं लागतं. क्रिस्पिनसुद्धा माझ्याशी बोलायला लागला.

आणि त्या हिवात ती आली. मोठ्या रस्त्यावर ट्रकमधून उतरून चालत निघाली होती, क्रिस्पिनला वाटेत दगडावर बसलेली दिसली, त्याने गाढवावर घालून आणली. ओठ जांभळे, बोटं जांभळी, एक वाक्य बोलायला तीन दम लागत होते. मला बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल? माझ्या अंगणात पसरलेल्या बटाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "असे मांडतात? एकमेकांच्या अंगावर झोपलेत सगळे."

माझा तोल गेला. सगळ्या गावासमोर ओरडलो. "आई, मरायला आलीस का इथे? तुला काय म्हणून खाली पाठवलं होतं आम्ही? डॉक्टर काय म्हणाला, ते ताईने काहीच नाही सांगितलं तुला?"

"सांगितलं."

"मग?"

"सप्टेंबर म्हणाला ना? मग ओरडतोस कशाला? हा जुलै आहे."

मी काठी भिंतीला टेकवली आणि बासिलियाला पाणी गरम करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंगणात होती. गोठलेल्या बटाट्यांवर चढली, पंधरा-वीस पावलं तुडवली असतील, की छाती धरून खाली बसली. मी उचलून आत नेऊ लागलो, तर माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, "मला नको उचलू, माझ्या जागी उभा राहा." मी बूट काढले. गावकीची काठी धरणारा माणूस बायकांच्या कामात पाय घालतोय म्हणून शेजारी फिदीफिदी हसत होते. हसू देत. ती बाजूला घोंगडी घेऊन बसते आणि मला शिकवते. टाच नाही, चवडा. गोल फिरव. सालं निघाली पाहिजेत, पाणी पूर्ण निघालं पाहिजे. चार दिवस झाले, माझ्या पायांना भेगा पडल्यात आणि तिचं समाधान काही होत नाही.

मी तिला अजून दोनदा विचारलं, खाली जातेस का? पहिल्यांदा नाही म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, "तिथे मी चांगली होते रे. श्वास येत होता, पाय चालत होते. पण रोज सकाळी उठून करायचं काय?" मग मी विचारणं सोडलं.

मला काही सुचत नाही, ताई. तिला पुन्हा उचलून ट्रकमध्ये घालायची ताकद माझ्यात नाही आणि इथे तिला बघत बसायचीही नाही. तुझ्यावर मी चिडलेलो नाही. मी चिडलोय तो कोणावर, तेच सापडत नाही. तू ये. थंडी तुला आता सोसत नाही हे वाचलं, तरी ये, आणि देल्फिनाला घेऊन ये. जुलै आहे तोवर ये.

बाहेरून आईच्या हाका चालल्यात. ऊन वर आलं, बटाटे नरम पडतील, आणि हा आत बसून काय करतोय म्हणून. जातो.

निकानोर